दरपत्रक बदललं की पोटात गोळा का येतो?

ताई, नमस्कार.

मी करवीर तालुक्यातला. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलन आणि बिलाचं सॉफ्टवेअर आम्ही सी शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेत करतो. कॉलेजात यूएमएल (सॉफ्टवेअरच्या आकृत्या काढायची प्रमाण पद्धत) आणि डिझाइन पॅटर्न (कोडमध्ये पुन्हा पुन्हा लागणाऱ्या रचनांचे साचे) दोन्ही विषय होते, मार्कही बरे पडले. तेवीसच्या तेवीस पॅटर्नची नावं अजून पाठ आहेत. पण कामाला बसलो की त्यातलं काही हाताला लागत नाही. आमचा सगळा कोड 'सेव्ह' बटणाच्या मागे आहे. दर बदलला की एका ठिकाणी दुरुस्त करावं तर तीन ठिकाणी बिघडतं. मध्यंतरी हौसेनं एका मॉड्यूलमध्ये फॅक्टरी, स्ट्रॅटेजी, सिंगलटन हे सगळे पॅटर्न घातले. आता ते मॉड्यूल माझ्याशिवाय कुणी उघडत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही उघडायची भीती वाटते. साहेब म्हणतात, "डायग्राम काढत बसू नको, डिलिव्हरी दे." हे डिझाइन नेमकं शिकायचं कसं? पुण्याला जाऊन क्लास लावू का?

– एक वाचक, कोल्हापूर

*

ताई म्हणालास, म्हणून सरळ अरे-तुरे करते.

तुझ्या पत्रात पॅटर्नची नावं आहेत, पण मला त्यातलं एकच वाक्य कामाचं वाटलं: दर बदलला की एका ठिकाणी दुरुस्त करावं तर तीन ठिकाणी बिघडतं. अभ्यासाला इथूनच सुरुवात कर. कॉलेजात हे जमत नाही याचं कारण तिथली उदाहरणं. प्राणी, त्याचा वारस कुत्रा, दुसरा वारस मांजर; एक भुंकतो, एक म्याव करते. त्या कुत्र्याचा दर कधी बदलत नाही, त्याच्या बिलातून पशुखाद्य कापायचं नसतं, दिवाळीला त्याला फरक द्यायचा नसतो. जिथे काही बदलतच नाही तिथे कसाही कोड लिहिला तरी चालतो, मग डिझाइन कळणार कसं? तू ज्या कोडला वैतागला आहेस त्यात मात्र दर महिन्याला काहीतरी बदलतं. त्या बाबतीत तुझं नशीब बरं आहे.

म्हणून पहिलं काम आकृतीचं नाही, वहीचं. गेल्या वर्षभरात संस्थांकडून आलेल्या मागण्या शोधून काढ. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, सपोर्टवाल्यांच्या नोंदी, जे मिळेल ते. प्रत्येक मागणी एका ओळीत लिही आणि समोर त्यासाठी कुठल्या फायलींना हात लागला ते लिही. कोड गिटमध्ये (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) असेल तर हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. माझा अंदाज, मागण्यांचे तीन-चारच ढीग पडतील: दर, कपाती, वजनकाटा आणि फॅट मशीन, पावत्या आणि रिपोर्ट. आणि एकच फाईल चारही ढिगांत दिसेल. ती बटणामागची. चार वेगळ्या कारणांसाठी बदलणारा कोड एकाच जागी गुंतला आहे, दुखणं एवढंच आहे. दर ठरवणारे लोक वेगळे, कपाती ठरवणारे वेगळे, मशीन विकणारे वेगळे. त्यांचे निर्णय एकमेकांना विचारून येत नाहीत, पण तुझ्या फायलीत मात्र ते गळ्यात गळा घालून बसलेत.

आता यूएमएल. विषय का अवघड झाला ते सांगते, म्हणजे मनावरचं ओझं उतरेल. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक तज्ज्ञाची आकृती काढायची रीत वेगळी होती. ग्रेडी बूच क्लास (एका प्रकारच्या वस्तूची माहिती आणि कामं एकत्र मांडणारा कोडचा तुकडा) काढायचे ते तुटक रेषेच्या ढगासारखे, जेम्स रम्बॉ यांचे चौकोन, इव्हार जेकबसन यांचा भर वापरकर्ता काय करतो त्या यूज केसवर. एकाचं चित्र दुसऱ्याला वाचता येईना. तिघे रॅशनल कंपनीत एकत्र आले, चिन्हं एक केली, आणि १९९७ मध्ये ओएमजी या सॉफ्टवेअरची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ती प्रमाण म्हणून स्वीकारली. पुढे त्यात भर पडत गेली. आजच्या यूएमएलमध्ये १४ प्रकारच्या आकृत्या आहेत. परीक्षेला त्या चौदाही येतात. तुझ्या टेबलावर तीन पुरतात: क्लास (कोण कुणाशी जोडलेलं), सीक्वेन्स (कोण कुणाला केव्हा विचारतं) आणि स्टेट (एखादी वस्तू कुठल्या अवस्थांतून जाते). बाकीच्या लागतील तेव्हा बघता येतील.

आणि क्लास आकृतीत 'हा त्याचा भाग' असं दाखवायला रेघेच्या टोकाला काढतात ते डायमंड, पोकळ की भरलेला, यावर अर्धा तास घालवू नकोस. पोकळ डायमंडचा नेमका अर्थ वापरणाऱ्यावर आणि क्षेत्रावर अवलंबून राहतो, असं यूएमएलच्या अधिकृत दस्तावेजातच म्हटलंय. ज्यांनी चिन्ह केलं त्यांनीच हात वर केले, तर आपण कशाला भांडायचं? साधी रेघ ओढ, टोकाला "एक" किंवा "अनेक" लिही. 'एका सभासदाची खाती किती?' या प्रश्नाचं उत्तर डायमंडपेक्षा हजारपट महत्त्वाचं आहे. म्हैस आणि गाय दोन्ही असलेल्या घराचं खातं एक की दोन? हे आधी विचारलं नसेल तर नंतर टेबल मोडून परत बांधावं लागतं.

आता एक सकाळ घेऊ. सभासद किटली घेऊन खिडकीशी येतो. क्लार्क त्याचा नंबर टाकतो, दूध काट्यावर जातं, सॅम्पल फॅट मशीनमध्ये जातं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) येतात, दर निघतो, नोंद होते, पावती बाहेर येते. एवढंच. याची सीक्वेन्स आकृती काढ. कागद आडवा धर, वर ओळीनं नावं लिही: क्लार्क, संकलन खिडकी, वजनकाटा, फॅट मशीन, दरपत्रक, सभासद खातं, पावती. प्रत्येकाखाली उभी रेघ. मग कोण कुणाला काय विचारतं त्याचे आडवे बाण, वरून खाली वेळेच्या क्रमानं.

पण आधी काढायची ती आदर्श आकृती नाही. तुझा आजचा कोड जसा आहे तशी काढ. बटणामागचा कोड ओळीनं वाचत जा आणि बाण ओढत जा. होईल काय, की सगळे बाण 'संकलन खिडकी' या एकाच रेघेतून निघतील आणि तिथेच परत येतील. दरपत्रकाच्या रेघेला कुणी काही विचारतच नाही. खिडकी स्वतः डेटाबेसमधून तक्ता उचलते, स्वतः ओळ शोधते, स्वतः गुणाकार करते. सभासद खात्याचंही तेच. म्हणजे नावाला सात जण, राबणारा एक. कोडचे हजार शब्द वाचून जे जाणवत नाही ते या एका कागदावर दिसतं, आणि डायग्रामचा एवढाच उपयोग मला मान्य आहे. तो काढून झाल्यावर फाडून टाकलास तरी माझी हरकत नाही.

मग दुसरा कागद. या वेळी प्रत्येक कामापुढे एकच प्रश्न: यासाठी लागणारी माहिती कुणाकडे आहे? ज्याच्याकडे माहिती, त्याच्याकडे काम. दर काढायला तक्ता लागतो, तक्ता दरपत्रकाकडे आहे, तर खिडकीनं फक्त विचारायचं: म्हशीचं दूध, फॅट ६.८, एसएनएफ ९.१, आजची सकाळ, दर सांग. आत तक्ता बघितला की सूत्र लावलं, हे खिडकीला कळायचं कारण नाही. हा विचार करायला केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये एक साधी युक्ती मांडली होती. प्रत्येक क्लाससाठी एक पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर क्लासचं नाव, त्याच्या जबाबदाऱ्या, आणि त्याला कुणाची मदत लागते. बास. कार्ड लहान असतं, त्यामुळे एकाच क्लासच्या माथी दहा कामं मारायला लागलास की जागाच संपते. ऑफिसात दोघं-तिघं असाल तर एकेकानं एकेक कार्ड हातात घ्या आणि ती सकाळ बोलून दाखवा. लोक हसतील. हसू देत, कारण "हे मी का सांगू, माझ्याकडे ही माहितीच नाही" असं एखादं कार्ड बोलतं तिथेच चूक सापडते.

इथे तुला मोह होईल: दूध हा मूळ क्लास, गाईचं दूध आणि म्हशीचं दूध हे वारस. करू नकोस. गाय आणि म्हैस यांत तुझ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं फरक काय? गाईचा पाया ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीचा ६.० आणि ९.०. म्हणजे आकडे वेगळे, वागणूक एकच. आकडे वेगळे असतील तर तो डेटा आहे, त्याला क्लास लागत नाही. दरपत्रकाचे दोन नग केले की झालं. वागणूक कधी वेगळी होते? समज, राधानगरीतली एक संस्था छापील तक्त्यावरून दर काढते, फॅट आडवं, एसएनएफ उभं. आणि शिरोळची दुसरी संस्था सांगते, आमच्याकडे तक्ता नाही; पायाचा दर धरा, वर प्रत्येक पॉइंटला इतके पैसे वाढ, खाली इतकी कपात. आता दर काढायची रीतच बदलली. प्रश्न तोच, उत्तर काढायच्या वाटा दोन. तर 'दर सांग' एवढाच करार असलेला एक इंटरफेस, आणि त्यामागे 'तक्त्याचा दर' आणि 'सूत्राचा दर' असे दोन क्लास.

हीच ती स्ट्रॅटेजी. नाव शेवटी आलं, गरज आधी. तुझ्या त्या भीतीदायक मॉड्यूलमध्ये नेमकं उलट झालं.

दरपत्रकावर अजून थोडं थांबते, कारण या धंद्यातलं निम्मं डिझाइन तिथेच आहे. दर बदलला म्हणून जुन्या तक्त्यातले आकडे खोडून नवे घालायचे नाहीत. नवं दरपत्रक, त्याला 'अमुक तारखेच्या सकाळपासून लागू' असा शिक्का. आणि संकलनाच्या नोंदीनं लिटर, फॅट, एसएनएफ यांच्याबरोबर त्या वेळी लागलेला दर आणि दरपत्रकाचा क्रमांकही जपून ठेवायचा. बऱ्याच ठिकाणी रिपोर्ट उघडला की दर पुन्हा काढतात. मग नवा तक्ता चढवला की मागच्या महिन्याचं वाटप झालेलं बिल आपोआप बदलतं आणि सचिवांचा फोन येतो. दिवाळीच्या तोंडावर वर्षभराच्या दुधावर दर फरक काढायचा असतो तेव्हा तर ही नोंदच कामी येते. तुझ्या क्लास आकृतीत 'नोंद' आणि 'दरपत्रक' यांच्यात रेघ आहे का, आणि त्या रेघेवर तारीख कुठे बसते, हे तपास. तुझ्या 'तीन ठिकाणी बिघडतं'चं कारण मला तरी इथेच दिसतंय.

कपातींचं तसंच. समज, सभासदाचं दहा दिवसांचं बिल २,१४० रुपये झालं. पशुखाद्याचे १,४५० येणं आहे, उचलीचा हप्ता १,०००. बेरीज २,४५०, बिलापेक्षा जास्त. आधी काय कापायचं? पशुखाद्य आधी घेतलं तर ६९० उरतात, ते उचलीत जातात, ३१० पुढच्या बिलावर. काही संस्था म्हणतील, सभासदाच्या हातात थोडे तरी पैसे पडलेच पाहिजेत, सगळं कापू नका. हे नियम कोडमध्ये एकाखाली एक 'जर' लावून लिहिले की प्रत्येक संस्थेसाठी वेगळी फाईल होते. (तुमच्याकडे झालीच असणार.) त्याऐवजी प्रत्येक कपात ही एक वस्तू कर. बिल तिला विचारतं, "शिल्लक २,१४० आहे, तुझे किती?" ती रक्कम सांगते आणि आपलं उरलेलं येणं आपल्याकडे ठेवते. क्रम संस्थेच्या सेटिंगमध्ये. बिलात फक्त एक फॉरइच, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला विचारत जाणारा लूप. याला कुणी चेन ऑफ रिस्पॉन्सिबिलिटी (काम एकाकडून पुढच्याकडे सोपवत जाणारा पॅटर्न) म्हणेल आणि त्या पॅटर्नची अख्खी मांडणी करायला सांगेल. गरज नाही. यादी आणि लूप पुरतो तिथे यादी आणि लूपच चांगला.

स्टेट आकृती मात्र न चुकता काढ, बिलासाठी. कच्चं, मंजूर, वाटप झालं: तीन गोल, मध्ये बाण. आकृती लहान आहे, पण ती घेऊन संस्थेच्या सचिवांसमोर बस. मंजूर बिलातली एखादी नोंद चुकीची निघाली तर? बाण मागे कच्च्याकडे जातो की फरक पुढच्या बिलात धरायचा? वाटप झाल्यावर सभासदानं तक्रार केली तर? ज्याला क्लास म्हणजे काय ते माहीत नाही असा माणूसही बोट ठेवून सांगतो, "इथून मागं यायचं नाही." चाळीस पानांच्या रिक्वायरमेंटच्या कागदातून हे उत्तर मिळत नाही. जाताना कोरा कागद आणि पेन्सिल ने, लॅपटॉप नको. रंगीत, छापील आकृती पुढे ठेवली की लोक ती खोडायला लाजतात. स्टेट आकृती डेव्हिड हॅरेल यांच्या १९८७ सालच्या स्टेटचार्टवरून यूएमएलमध्ये आली. आणि लगेच स्टेट पॅटर्न घालायला धावू नकोस. तीन अवस्था, दोन-तीन नियम, याला एक एनम (ठराविक नावांची यादी) आणि 'इथून तिथे जाता येतं का' सांगणारी एक मेथड बास होते.

तेवीस पॅटर्नबद्दल. एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांनी १९९४ मध्ये ते मांडले: ५ वस्तू तयार करण्याचे, ७ जोडणीचे, ११ वागणुकीचे. त्यांनी ते स्वतः रचले नव्हते. चालत्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा दिसलेल्या रचनांना नावं दिली होती. म्हणून ते क्रमानं शिकायची वस्तू नाहीत. शिवाय त्या वेळच्या सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकची छाप त्यांच्यावर आहे. पीटर नॉर्विग यांनी १९९६ मध्येच दाखवलं होतं की लिस्प किंवा डिलनसारख्या भाषेत तेवीसपैकी १६ पॅटर्न एकतर सोपे होतात किंवा दिसेनासे होतात. तुझ्या सी शार्पचंच बघ. फॉरइच लिहितोस तेव्हा इटरेटर (यादीतली एकेक वस्तू पुढे देणारा पॅटर्न) वापरतोस. इव्हेंट लिहितोस तेव्हा ऑब्झर्व्हर. एखादी छोटी स्ट्रॅटेजी डेलिगेटनं (मेथडच दुसऱ्याच्या हाती द्यायची सोय) एका ओळीत होते, त्यासाठी इंटरफेस आणि चार फायली कशाला?

तुझ्या कामात आणखी दोन पॅटर्न पैसा वसूल करतील. पहिला अ‍ॅडॉप्टर. गावागावांत वजनकाटे वेगळ्या कंपन्यांचे, फॅट मशीन वेगळ्या कंपन्यांचे. बहुतेक सीरिअल पोर्टवरून एक ओळ पाठवतात, पण प्रत्येकाचा साचा निराळा. कुणी फॅट आधी पाठवतं, कुणी दशांश चिन्हाशिवाय पाठवतं, कुणाच्या ओळीत पुढे मोकळ्या जागा. हे कापून-जोडून वाचायचं काम बटणामागे असेल तर नवं मशीन आलं की बिलाचा कोड उघडावा लागतो. 'फॅट मशीन' हा तुझा इंटरफेस, 'सॅम्पलचं माप दे' एवढंच त्याचं वचन, आणि प्रत्येक कंपनीच्या मशीनसाठी एक छोटा अ‍ॅडॉप्टर. याचा दुसरा फायदा तुला पहिल्याच आठवड्यात कळेल: एक खोटं फॅट मशीन बनव, जे फाईलमधून आकडे वाचतं. मग टेस्टिंगसाठी ऑफिसात मशीन नको, की कुणाला गावाला पाठवायला नको.

दुसरा ऑब्झर्व्हर. नोंद झाली की पावती छापायची, सभासदाला एसएमएस, भिंतीवरच्या डिस्प्लेवर आकडे. उद्या कुणी म्हणेल मोबाइल अ‍ॅपवर पण. नोंद करणाऱ्यानं फक्त 'नोंद झाली' असं जाहीर करावं, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकावं. सावध फक्त एका गोष्टीबद्दल: ऐकणाऱ्यांचा क्रम धरून चालू नकोस, आणि प्रिंटरमधला कागद संपला म्हणून नोंदच रद्द झाली असं होऊ देऊ नकोस. सी शार्पच्या इव्हेंटमध्ये एका ऐकणाऱ्यानं एक्सेप्शन फेकलं (चूक झाली म्हणून काम मधेच सोडलं) तर पुढच्यांना हाकच जात नाही. सकाळी सहा वाजता रांग लागलेली असताना हे कळणं महागात पडतं.

सिंगलटन, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅममध्ये जिचा एकच नग असतो अशी वस्तू. त्याबद्दल एवढंच, की तो मुलाखतीसाठी पाठ ठेव आणि कोडमधून काढ. गॅमा यांनीच २००९ च्या एका मुलाखतीत तो यादीतून वगळावा असं मत दिलं होतं. तुझ्याकडे 'चालू संस्था' नावाचा सिंगलटन असणार, मी पैज लावते. एकाच कॉम्प्युटरवर दोन संस्थांची बिलं काढायची वेळ आली की तो रडवतो.

आता त्या मॉड्यूलचं काय करायचं. एकेक इंटरफेस उघड आणि विचार, याचा दुसरा वारस आजवर कधी आला का? खोट्या मशीनसारखा टेस्टचा वारस असेल तर तोही धर. दोन्ही नसतील तर इंटरफेस काढून टाक, क्लास थेट वापर. फॅक्टरी (वस्तू बनवून देणारा क्लास) एकाच प्रकारची वस्तू बनवत असेल तर ती काढ, 'न्यू' लिही. हे करताना जीवावर येतं, एवढं सजवलेलं मोडायचं म्हणून. पण लावलेला पॅटर्न नीट काढता आला की तो कशासाठी होता ते कळतं. लावताना एवढं कळत नाही.

हात लावण्याआधी मात्र एक जाळं बांध. तीन-चार वेगळ्या पद्धतीच्या संस्थांचा एकेका दहा दिवसांचा जुना डेटा घे, आजच्या कोडनं निघालेली बिलं जशीच्या तशी फाईलमध्ये ठेव. मग प्रत्येक बदलानंतर तीच बिलं पुन्हा काढून जुन्या फाईलशी ताडून बघ. एका पैशाचाही फरक आला तर थांब. हिशेब डबलमध्ये (आकडे बायनरीत ठेवणाऱ्या प्रकारात) असतील तर फरक येऊ शकतो, कारण ०.१ सारखा साधा आकडाही बायनरीत नेमका बसत नाही. पैशाला डेसिमल वापर. आणि पैसे कुठे पूर्ण करायचे, प्रत्येक नोंदीला की बिलाच्या बेरजेला, हे स्वतः ठरवू नकोस, संस्थेला विचार. जुन्या बिलात चूकच सापडली तर ती गुपचूप दुरुस्त करायची नाही. वेगळी नोंद, साहेबांच्या कानावर, मग निर्णय. लोकांच्या घामाचे पैसे आहेत.

साहेबांचं म्हणणं मला पूर्ण चुकीचं वाटत नाही. डिलिव्हरीच्या आठवड्यात कुणी भिंतभर क्लास आकृती रंगवत बसला तर मीही उठवीन. कोडमधला प्रत्येक क्लास दाखवणारी आकृती दुसऱ्या दिवशी शिळी होते आणि कुणी वाचत नाही. पण आकृती अर्ध्या तासाची असेल, एका प्रश्नासाठी असेल, तर परवानगी मागायची गरज काय? काढ. जपून ठेवावी वाटली तर प्लांटयूएमएल किंवा मर्मेडमध्ये लिही. ही साधनं साध्या मजकुरातून आकृती काढतात, म्हणून ती गिटमध्ये कोडशेजारीच राहते आणि कोणी काय बदललं ते दिसतं. साहेबांसमोर मात्र ती मागण्यांची वही ठेव. 'ही मागणी आली, सहा फायलींना हात लागला, दोन दिवस गेले.' पुढच्या दरबदलाला एकच फाईल लागली तर तेही त्यांना वहीतच दाखव. ते डिलिव्हरीच्याच भाषेत बोलतात, तूही त्याच भाषेत बोल. आणि सगळं एकदम नव्यानं लिहायची परवानगी मागू नकोस, मिळणार नाही आणि मिळूही नये. आधी फॅट मशीन वेगळं काढ, कारण ते कडेला आहे, पैशाला हात लागत नाही. मग दरपत्रक. कपाती सगळ्यात शेवटी.

पुण्याच्या क्लासचं. पुण्याला नोकरीसाठी जायचं असेल तर तो वेगळा विषय, घरच्यांशी बोलून ठरव. निव्वळ डिझाइन शिकायला जायचं असेल तर फी भरण्याआधी चौकशीत दोन गोष्टी विचार. सगळा वेळ एकाच प्रोजेक्टवर ठेवून मधे मधे अट बदलून देतात का? आणि विद्यार्थ्यानं लिहिलेला कोड कुणी ओळीनं वाचून, खुणा करून परत देतं का? दोन्हीला हो आलं तर जा. नुसत्या स्लाइड आणि सर्टिफिकेट असेल तर ते पैसे ठेव, आणि ऑफिसातल्या जो तुझं म्हणणं सहज मान्य करत नाही अशा एकाला आठवड्यातून एक तास बसव. त्याला फक्त कागद दाखव, कोड नाही, आणि विचार: उद्या एखाद्या संस्थेनं गाय-म्हैस मिक्स दुधाला तिसरा दर मागितला तर यातलं काय काय बदलेल?